खुर्चीच्या मण्यांची अंगठी

नवरा गेला तेव्हा ती त्याच्याशी बोलत होती. वरच्या मजल्यावरची मोरी पुन्हा गळायला लागली आहे, गॅसवाल्याचा फोन लागत नाही, आणि लेकीने दोन दिवसांत साधी चौकशी केलेली नाही, अशा तीन तक्रारी तिने ओळीने सांगून टाकल्या. तो खुर्चीत बसला होता, समोर टीव्ही चालू होता, आणि तो काही बोलला नाही. त्यात तिला वावगं वाटण्यासारखं काही नव्हतं. चौतीस वर्षांत त्याने तिसऱ्या तक्रारीपर्यंत ऐकून उत्तर दिल्याचं तिला आठवत नव्हतं. दहा मिनिटांनी तिने चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि त्याने तो उचलला नाही, तेव्हा मात्र तिने टीव्ही बंद केला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. चहाला तो कधी नाही म्हणत नसे.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे असंच सांगायची, आणि माणसं कुठे बघावं ते न कळून फरशीकडे बघायची.

तिचा इलाज नव्हता. एकोणतीस वर्षं तिने दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत काढली होती. नाव, वय, काय होतंय, असे तीन प्रश्न, मग शिक्का, मग पुढचा. कण्हणारे, ओरडणारे, चक्कर आल्याचं सोंग करून रांग मोडणारे, सगळे तिने बघितले होते, आणि समोरचा रडायला लागला की त्याला आधी रांगेत उभं करायचं ही सवय अंगात मुरली होती. इमारतीतले लोक तिला केसपेपरबाई म्हणायचे. पहिली दहा वर्षं पाठीमागे म्हणायचे, नंतर तोंडावर. तिला स्वतःलाही ते नावापेक्षा सोयीचं वाटायचं.

नवरा टेलिफोनच्या केबल जोडायचा. रस्त्याकडेच्या खड्ड्यात छत्रीखाली बसून हिरवी तार हिरव्याला आणि पिवळी पिवळ्याला लावत त्याचं आयुष्य गेलं. केबल जोडून झाली की हात-दीड हात तुकडे उरायचे, ते साहेबाला विचारून तो घरी आणायचा. "कधीतरी लागते," म्हणायचा. पलंगाखाली, माळ्यावर, शिवणयंत्राच्या पेटीत, पत्र्याच्या डब्यांत, जिथे हात घालावा तिथे तारेचं भेंडोळं. चौतीस वर्षांत ती 'कधीतरी' नेमकी एकदा लागली, बादलीची कडी बांधायला. ती कडीही आठ दिवसांत निघाली.

तो गेल्यावर तिसऱ्या महिन्यात बाईंनी भंगारवाल्याला बोलावलं. भंगारवाला पलंगाखाली अर्धा शिरला होता, एवढ्यात दारात वन्सं उभ्या राहिल्या.

वन्सं म्हणजे त्याची धाकटी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. दर बुधवारी चार वाजता त्या भावाचा शोक करायला यायच्या. वेळ पक्की, खुर्ची पक्की, रुमालही घडी घातलेला. पहिल्या पाच मिनिटांत डोळे टिपायच्या आणि उरलेला तासभर वहिनीचं कुठे कुठे चुकतं ते सांगायच्या.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"माणूस पलंगाखाली आहे," बाई म्हणाल्या. "पण तुम्हाला वाटतं तसं काही नाही."

भंगारवाला डोकं आपटून बाहेर आला. तार जाणार म्हटल्यावर वन्संचा चेहरा शाळा तपासायला कोणी अचानक आल्यासारखा झाला.

"वहिनी, दादाचे हात लागलेत त्या तारेला."

"त्यांचे हात पंख्याच्या बटणालाही लागलेत. तो काय दिवसभर चालू ठेवू?"

"विकायची नाही म्हणजे नाही. माझ्या भावाची आठवण आहे ती."

"मग तुमच्या घरी न्या की आठवण. दोन पोती आहे."

वन्संच्या घरी जागा नव्हती. भंगारवाला शहाणा होता, त्याने नणंद-भावजयीच्या मध्ये न पडता जिना गाठला. तार राहिली.

त्याच आठवड्यात लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असायची आणि आईची काळजी रविवारी करायची.

"आई, तू हाताने काहीतरी करत जा. मन रमतं."

"भांडी घासते."

"तसं नाही गं. काहीतरी सुंदर. घरात एवढी तार आहे, तिचंच काही कर. थांब, मी तुला एक व्हिडिओ पाठवते."

व्हिडिओचं नाव होतं घरच्या घरी दहा मिनिटांत अंगठी, अगदी नवशिक्यांसाठी. त्यात एक मुलगी होती, बोटं चवळीच्या शेंगेसारखी, नखं अशी की त्यांनी तिने आयुष्यात एक भांडं खरवडलं नसावं. ती हसत हसत तार घ्यायची, पेनाभोवती तीन वेढे द्यायची, मध्ये मणी ओवायची, तारेची दोन्ही टोकं मण्याभोवती फिरवायची, उरलेल्या शेपट्या दोन बाजूंना गुंडाळून कापायची आणि म्हणायची, "बघा, इतकं सोपं आहे." बाईंनी व्हिडिओ चार वेळा पाहिला. पाचव्यांदा ती "इतकं सोपं आहे" म्हणाली तेव्हा बाई मोबाइलला म्हणाल्या, "थांब भवाने, करूनच दाखवते."

तारेची कमतरता नव्हती. प्लॅस्टिकची साल सुरीने सोलली की आत लालसर तांबं निघायचं. पेनाऐवजी त्यांनी लाटणं घेतलं. लाटण्याचा दांडा टोकाला बारीक आणि पोटाकडे जाड, त्यामुळे हवं ते माप मिळायचं. अडलं ते मण्यापाशी. जुन्या माळेचे मोती त्यांनी मोडून घेतले, तर त्यांची भोकं सुईपुरती. तार आत जाईना. ढकलून ढकलून एक मोती फुटला, दुसरा उडून कपाटामागे गेला, तिसरा नखात रुतला. सेवेतल्या एकोणतीस वर्षांत न वापरलेले काही शब्द त्या दुपारी बाईंनी वापरले.

आणि मग त्यांची नजर खुर्चीवर गेली.

नवऱ्याच्या खुर्चीवर लाकडी मण्यांचं आसन होतं, लांबच्या गाड्यांचे ड्रायव्हर घालतात तसलं. खड्ड्यात बसून कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. बारा वर्षं तो रोज संध्याकाळी त्यावर बसला होता. मणी कसे, बोराएवढे, घासून घासून गुळगुळीत झालेले, तपकिरी, चकचकीत. आणि भोकं अशी की त्यातून बुटाची नाडी जावी.

मग "तुम्ही काय आता उठून विचारणार आहात?" असं खुर्चीला म्हणून बाईंनी कात्री आणली.

पहिली अंगठी मोडली. दुसरी इतकी सैल झाली की हात खाली केला की गळायची. तिसरीत तार मण्याभोवती फिरवताना मनासारखी बसेना म्हणून उलगडली, पुन्हा फिरवली, पुन्हा उलगडली, आणि ती चक्क तुटली. चौथीही तिथेच तुटली. व्हिडिओतल्या मुलीची कधी तुटली नव्हती, त्यामुळे तिने त्यावर काही सांगितलंही नव्हतं. बाई तुटका तुकडा हातात धरून बसून राहिल्या. ज्या माणसाने हे एका शब्दात सांगितलं असतं तो चौतीस वर्षं ह्याच खोलीत होता. तारेवरून त्या त्याच्याशी हजार वेळा भांडल्या होत्या. तारेबद्दल एकदाही काही विचारलं नव्हतं.

हा विचार त्यांना फार वेळ डोक्यात ठेवायचा नव्हता. तुकडे पिशवीत घालून त्या खाली घड्याळजीकडे गेल्या.

घड्याळजीचं दुकान जिन्याखाली, एका माणसाला बसता येईल आणि दुसऱ्याला वाकता येईल एवढं. त्याने डोळ्याला भिंग लावून तुकडा पाहिला.

"तुम्ही हिला परत परत वाकवलीत."

"बरोबर बसत नव्हती."

"तांब्याला एकदाच वाकवायचं. सारखं मन बदललं की ते कडक होतं आणि मग तुटतं."

"म्हणजे आमच्या वन्संसारखं."

"तुमच्या वन्संना मी ओळखत नाही," घड्याळजी म्हणाला. "मी तारेबद्दल बोलतोय." मग त्याने सैल अंगठी फिरवून पाहिली. "ही चुकून बरी झाली. शेपट्या आवळल्या की अंगठी लहान होते, म्हणून मापापेक्षा थोडी मोठी धरायची. पण इतकी नाही. आणि टोकं पकडीने आत दाबा, नाहीतर साडीला लागतील तिथे धागा निघेल."

त्याने गोल चोचीची एक जुनी पक्कड उसनी दिली आणि परत आणायची तारीख विचारली. बाईंना तो माणूस आवडला. खिडकीत बसायच्या लायकीचा होता.

सहावी अंगठी जमली. तांब्याचे तीन वेढे एकमेकांना चिकटून, मध्ये तपकिरी मणी, त्याच्याभोवती तारेची दोन वळणं, आणि दोन्ही बाजूंना शेपट्या नीट आवळलेल्या. मणी अंमळ मोठा होता, नाकापेक्षा मोती जड, पण बाईंची बोटं काही चवळीच्या शेंगा नव्हती. त्यांनी ती घातली आणि हात लांब धरून बघितला. मग दुसऱ्या बाजूने बघितला. त्या संध्याकाळी दूध उतू गेलं.

पुढच्या बुधवारपर्यंत बशीत अकरा अंगठ्या जमल्या. तळमजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीने एक मागितली होती, तिच्यासाठी दांड्याच्या अगदी टोकावर केलेली लहानशी अंगठीही त्यात होती. आसन मांडीपर्यंत उसवलं होतं, ते गुंडाळून कपाटात गेलं होतं.

वन्सं चार वाजता आल्या. रुमाल काढायच्या आधीच त्यांना बशी दिसली.

"हे काय?"

"अंगठ्या."

"ते दिसतंय. कोणी केल्या?"

"मी."

वन्सं खुर्चीत बसल्या. "वहिनी, दादाला जाऊन चार महिने होत नाहीत, आणि तुम्ही दागिने घडवताय. लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतात एक आम्हालाही द्या."

"मला हे अजिबात पटलेलं नाही."

"नोंद झाली," बाई म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा घेऊन त्या बाहेर आल्या तेव्हा वन्सं खिडकीकडे बघत बसल्या होत्या, आणि त्यांचा डावा हात पर्सखाली होता. कप त्यांनी उजव्या हाताने घेतला. कपाखालची बशी घ्यायला दुसरा हात आला नाही.

"बिस्कीट घ्या."

"नको."

वन्सं बिस्किटाला नाही म्हणाल्या तेव्हाच बाईंनी ओळखलं की केस गंभीर आहे. आवाज आपोआप केसपेपरच्या खिडकीतला झाला.

"काय होतंय?"

"काही नाही."

"कुठे होतंय?"

मग वन्संनी पर्स बाजूला केली. कॉलेजातल्या मुलीची अंगठी त्यांच्या अनामिकेत, पेराच्या खाली घट्ट बसली होती, आणि बोट वांग्याच्या रंगाकडे निघालं होतं.

"मी नुसतं माप बघत होते," वन्सं म्हणाल्या.

"मापं घ्यायला तुम्हाला सगळ्यात बारीकच सापडली?"

"मला तीच बरी वाटली."

आधी साबण झाला. मग तेल झालं. मग बाईंनी बोटाला दोरा गुंडाळून अंगठी वर सरकवायचा दवाखान्यातला उपाय केला, तर दोरा तारेच्या वळणात अडकला, आणि आता बोटात अंगठीही होती आणि दोराही. इतकी वर्षं प्रार्थनेच्या वेळी हजार पोरांना एका नजरेत गप्प करणाऱ्या वन्सं मोरीपाशी स्टुलावर हात वर धरून बसल्या होत्या, कोपरापर्यंत फेस.

"कापावी लागेल," बाई म्हणाल्या. "त्यांचं कटर आहे."

"थांबा." वन्संनी हात मागे घेतला. "तोडू नका. दादाची तार आहे ही." मग त्यांनी बोट नाकाजवळ नेलं. "आणि हा मणी फार सुंदर आहे हो. किती गुळगुळीत. चंदनाचा आहे का? मंद असा वास येतोय."

बाईंच्या मनात आलं, हो म्हणावं. एका शब्दाने काम झालं असतं, वन्सं सुखाने घरी गेल्या असत्या आणि आयुष्यभर ते बोट हुंगत बसल्या असत्या. पण त्या चित्राचाच त्यांना धसका बसला.

"चंदन नाही. खुर्चीवर मण्यांचं आसन होतं ना, त्यातले आहेत."

"कुठलं आसन?"

"ज्यावर ते बसायचे."

वन्संनी नाकाजवळचं बोट हळूच लांब नेलं. "किती वर्षं?"

"बारा."

वन्सं मण्याकडे बघत राहिल्या. बाईंनी मनातल्या मनात पुढच्या दहा बुधवारांची भाषणं मोजली.

"लहानपणी माझी भूगोलाची वही हरवली होती," वन्सं म्हणाल्या. "तीन दिवस शोधली. आईचा मार खाल्ला. शेवटी ती त्याच्या बुडाखाली निघाली. माझी पट्टी, माझी रिबीन, सगळं तिथेच निघायचं. हा उठायचाच नाही ना." त्यांनी हात थोडा वर केला. "आणि आता बघा, हेही तिथूनच निघालं."

आणि त्या हसल्या. सवय नसल्यामुळे त्यांना ते नीट जमत नव्हतं, मध्येच शिंक आल्यासारखं व्हायचं. बाईही भिंतीला टेकून हसायला लागल्या. हसता हसता कधीतरी त्याचं रडू झालं. आधी कोण रडायला लागलं ह्यावर पुढेही दोघींचं कधी एकमत झालं नाही, पण घडीचा रुमाल बाहेरच्या खोलीत राहिला होता आणि दोघींनी मोरीतल्या पंच्याला तोंड पुसलं, एवढं खरं.

मग बाईंनी कटर आणलं. मण्याच्या विरुद्ध बाजूला, कातडी वाचवत, एकेक वेढा कापला. अंगठी निघाली आणि खाली बोटावर हिरवी गोल रेघ दिसली. वन्सं पांढऱ्या पडल्या.

"विष भिनलं."

"तांबं आहे. साबणाने जातं. आतून बिनरंगाचं नेलपॉलिश लावलं की उमटत नाही."

"मग लावलं का नाहीत?"

"ती मुलगी तरुण आहे, तिने स्वतःचं लावावं."

वन्संनी मोडकी अंगठी पर्समध्ये ठेवली, बोट तीनदा धुतलं आणि बिस्कीट मागून घेतलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "माझं माप मोठं धरा. आणि मी स्वतः करणार आहे. तुम्ही फक्त दाखवा."

ह्या वाक्याची किंमत बाईंना पुढच्या महिनाभरात कळली. जन्मभर दुसऱ्याला शिकवलेल्या माणसाला शिकवणं म्हणजे वाहत्या नळाला बूच मारणं. "तार इथून धरा," म्हटलं की वन्सं "का?" विचारायच्या, आणि कारण सांगेपर्यंत तिथून धरायच्या जिथून धरायची नाही. त्यांनी सात अंगठ्या मोडल्या. पाचवी मोडल्यावर तार निकृष्ट असल्याचं जाहीर केलं.

"तुमच्या दादाचे हात लागलेत तिला," बाई म्हणाल्या.

वन्संनी पुढचा तुकडा घेतला. आठवी जमली. जरा कुबड आल्यासारखी होती, मणी एका अंगाला कललेला, पण ती त्यांनी स्वतः केली होती आणि ती निघतही होती. त्या बोट पुढे करूनच घरी गेल्या, वाटेत कोणाला दाखवायला मिळावं म्हणून लांबच्या रस्त्याने.

नवं काही आलं की ते दुसऱ्याला शिकवल्याशिवाय वन्संना चैन पडायचं नाही. बाईंना न विचारताच त्यांनी वाचनालयाची मागची खोली मिळवली आणि फळ्यावर सूचना लावली: बुधवारी चार वाजता, तारेची व मण्याची साधी अंगठी, नवशिक्यांसाठी. बाई चिडल्या. त्या म्हणाल्या, मी स्वतः काल शिकले, मी काय कपाळ शिकवणार. वन्सं म्हणाल्या, शाळेत निम्म्या शिक्षकांचं तसंच असतं, धडा एक दिवस आधी वाचायचा.

पहिल्या बुधवारी नऊ बायका आल्या आणि एक निवृत्त ट्रकचालक आला. तो नातीसाठी करायला आलो म्हणाला. मण्यांची वाटी पुढे आली तेव्हा त्याने एक मणी उचलला, बोटांत फिरवला, बाईंकडे बघितलं, आणि सज्जन माणूस असल्यामुळे काही बोलला नाही. बाईंनी त्याला पहिल्या बाकावर बसवलं.

वन्संनी फळ्यावर 'तार' असं लिहून खाली रेघ मारली आणि प्रास्ताविक सुरू केलं. मनुष्याच्या जीवनात दुःखाचे प्रसंग येतात, असं ते सुरू झालं. आमच्या वहिनींवर असाच प्रसंग कोसळला, तेव्हा खचून न जाता कलेतून त्यांनी... इथे मागच्या बाकावरच्या एकीने बाईंनाच विचारलं, "खरंच, तुम्हाला हे सुचलं कसं?"

"घरात तार फार होती," बाई म्हणाल्या. "हातभर तुकडा घ्या. मोजत बसू नका, तुटणारच आहे."

तारा वाटल्या गेल्या. वन्सं नाराज होऊन दोन मिनिटं फळा पुसत राहिल्या, मग बाकांमधून हिंडायला लागल्या आणि चौघींच्या चुका त्यांनी बाईंच्या आधी पकडल्या. तासाभरात सोळा अंगठ्या मोडल्या आणि तीन झाल्या. ट्रकचालकाची जरा जास्तच सैल झाली, नातीच्या दोन बोटांत मिळून बसली असती. त्याने ती स्वतःच्या करंगळीत घातली, स्टिअरिंग धरल्यासारखा हात समोर धरून बघितला, आणि पुढच्या बुधवारी किती वाजता यायचं ते विचारून घेतलं.